कोणत्या गावचं नवं

पहाडीवर कोसरी आधी पिकते.

सत्तर पानांचा एक पुडा. बोटांना मोजावं लागत नाही, सत्तराव्या पानावर ती आपोआप थांबतात.

इतवारीबाईला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

नऊ महिने आणि वर सात दिवस.

माझ्या वजनकाट्याची झोळी निळी आहे. रिकामी टांगली तरी काटा शून्याच्या जरा पुढे उभा राहतो. दर वेळी पन्नास ग्रॅम वजा करायचे.

स्टीलचा डबा, तीन खणांचा. झाकणावर माझं नाव.

•

मी अन्नपूर्णा. बारा वर्षांपासून गावची आशा. माहेरही हेच, सासरही हेच. वरच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, खालच्या टोल्यावर आले, एवढंच.

आमच्याकडे बाया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. होळीनंतर आठ दिवसांनी. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आदल्या दिवशी. म्हणून मी डायरीच्या शेवटच्या पानावर दर वर्षीच्या सणांच्या तारखा लिहून ठेवते. बाईने सण सांगितला की पान उलटायचं, समोरची तारीख घ्यायची, त्यात नऊ महिने आणि सात दिवस घालायचे. बाळंतपणाची तारीख तयार. ही युक्ती माझी. इंदुताई सिस्टरने ती प्रशिक्षणात सगळ्यांना उभं राहून सांगितली होती. चौघीजणींनी माझ्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून नेला.

त्या पानावरच्या पाच ओळी अशा, शेवटच्या तीन तारखा तेव्हा भरायच्या होत्या:

पोळा – २ सप्टेंबर
नवं – २५ सप्टेंबर
दिवाळी
मंडई
होळी

नवं म्हणजे नवं अन्न खायचा सण. तो होईपर्यंत शेतातला नवा दाणा कोणी तोंडात घालत नाही. छापलेल्या कॅलेंडरात हा सण नसतो. पीक बघून गावचा भूमक, म्हणजे पुजारी, दिवस ठरवतो. आमच्या सुकलू भूमकाने हलका, लवकर येणारा धान हाताशी आल्यावर पंचवीस तारीख ठरवली. मी त्याच संध्याकाळी लिहून ठेवली.

•

पाच डिसेंबरला उर्वशी माझ्या ओसरीवर आली. इतवारीबाईची सून, दसरूची बायको. वय वीस. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"शेवटची पाळी कवा आली होती वो?"

"नव्याच्या दुसऱ्या दिवशी," ती पदराचं टोक चावत म्हणाली.

मी पान उलटलं. सव्वीस सप्टेंबर. बोटांवर मोजलं. बरोबर दहा आठवडे. शेवटच्या पाळीपासून बारा आठवड्यांच्या आत नाव लागलं की ते महिन्याच्या तक्त्यात हिरव्या रकान्यात जातं. बारानंतर लागलं की लाल. उर्वशी हिरव्यात गेली. कार्डावर मी लिहिलं: अपेक्षित तारीख ३ जुलै.

ती आणखी काहीतरी बोलली. मी मोजत होते.

•

मधले महिने.

सोनोग्राफीला गेलो त्या दिवशी मशीन बंद होतं. दुसऱ्यांदा आमची बस चुकली. तिसऱ्यांदा गेलो नाही. तारीख माझ्या डायरीचीच चालली.

फेब्रुवारीत इंदुताईंनी टेपने पोट मोजलं. "तारखेच्या मानाने पोट मोठं दिसते, अन्नपूर्णा. जुळं त नाई?"

दसरू दारातून ओरडला, "जुळं झालं त एक तुमाले देऊन टाकू, सिस्टर!"

सगळे हसले. टेप गुंडाळली गेली.

•

वीस मे. तेंदूच्या पानांचा हंगाम संपत आलेला. घराघरांत चटईवर पानांचे ढीग. म्हातारी, लहान, सगळी पुडे बांधत बसलेली. मी उर्वशीला लोहाच्या गोळ्या द्यायला गेले.

इतवारीबाईने हातातला पुडा बाजूला ठेवला. "ताई, हिचं पोट उतरलं. माहेरघरात नेऊन टाक हिले."

माहेरघर म्हणजे दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या. दूरच्या गावांतल्या गरोदर बायांनी दिवस भरत आले की तिथे येऊन राहायचं, म्हणजे कळा जंगलात सुरू होत नाहीत. तिथे खाटा चार. दीड महिना आधी बाई नेली असती तर मला बोलणी खावी लागली असती.

"इतवारीबाई, कार्डावर तीन जुलै हाय. आता काऊन घाई?"

"म्या पाच काढले. कार्डानं किती काढले?"

पुडे बांधणाऱ्या बाया खो खो हसल्या. मलाही उत्तर सुचलं, आणि ते चांगलं सुचलं याचा मला आनंद झाला.

"कार्डाले पोट नसते, म्हणून थे चुकत नाई."

पुन्हा हशा. इतवारीबाईने पुडा उचलला. तिच्या उजव्या बाजूला मी बसले होते. तिने नीट ऐकलं होतं.

मी निघाले तेव्हा उर्वशी म्हणाली, "मंग मी पाना तोडायले जाऊ का, ताई? अजून हप्ताभरच हाय."

"जा. ओझं नको उचलू."

•

सव्वीस मे, सकाळचे साडेनऊ.

दसरूचा फोन आला तो तुटत होता. जंगलात एका टेकडावरच रेंज मिळते. मी पिशवी घेतली आणि पळाले. अर्ध्या वाटेत तो मोटारसायकलवर भेटला, त्याने मागे बसवलं. गावातले दोन्ही ट्रॅक्टर पानांच्या पोत्यांसाठी फळीवर, म्हणजे पानखरेदीच्या जागी गेलेले. अॅम्बुलन्सने सांगितलं, तासाभरात डांबरी रस्त्यावर येतो. डांबरी रस्ता तिथून चार किलोमीटर.

येनाच्या झाडाखाली चार बायांनी लुगड्यांचा आडोसा धरला होता. आत उर्वशी. इतवारीबाई तिच्या डोक्याशी.

"आताच कसं आलं, ताई?" उर्वशी म्हणत होती. "आताच कसं आलं?"

नाळेचे गळ्याभोवती दोन वेढे होते. मी सोडवले. तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळवे चोळले. मला शिकवलेलं सगळं क्रमाने केलं, मग उलट्या क्रमाने केलं. मुलगा होता. एकदा त्याचा हात हलल्यासारखा वाटला. माझा हात हलला होता.

उर्वशीला उचलून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं, तिथून अॅम्बुलन्सने दवाखान्यात नेलं. ती वाचली. दवाखान्याच्या पडवीत मी त्याला निळ्या झोळीत ठेवलं, कारण वजन लिहावंच लागतं. काटा दोन किलो नऊशे पन्नासवर थांबला. मी पन्नास वजा केले.

कार्डाप्रमाणे तो चौतीस आठवड्यांचा होता. चौतीस आठवड्यांचं लेकरू दोन, सव्वादोन किलोचं असतं. हे मला माहीत आहे. भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून मी ते दुसऱ्या आशांना शिकवलं आहे.

मी लिहिलं: २ किलो ९००. डायरी मिटली. शेवटचं पान उलटलं नाही.

•

दोन जूनला चौकशी आली. लेकरू गेलं की येते. नवे डॉक्टर आणि इंदुताई. इतवारीबाईच्या अंगणात बाज टाकली, डॉक्टर तिच्यावर बसले. इतवारीबाई खाली, त्यांच्या उजव्या हाताला. म्हणजे डॉक्टर तिच्या डाव्या कानाशी बोलत होते.

"आजी, आठवा महिना चालू असलेल्या सुनेला जंगलात पाठवलंत?"

इतवारीबाईने मान हलवली. ती समोरच्या माणसाचे ओठ हलले की मान हलवते. गावात सगळ्यांना ठाऊक आहे.

"ओझं उचलायला लावलंत?"

मान.

"कळा सुरू झाल्यावर लगेच कळवलं नाहीत?"

मान.

"आजी, तुमच्यामुळे हे झालं, समजतंय का?"

मान. वर ती म्हणाली, "व्हय, साहेब."

मी समोर दोन हातांच्या अंतरावर बसले होते. सर, त्या बाजूला बसा, तिला इकडून ऐकू येत नाही. एवढंच वाक्य. ते मी मनात दोनदा म्हटलं.

डॉक्टरांनी फॉर्म भरला.

मृत्यूचं कारण: मुदतपूर्व जन्म.
विलंब कोणाकडून: कुटुंब.

इंदुताई वजनाच्या रकान्यापाशी थांबल्या. "अन्नपूर्णा, वजन बरोबर घेतलं होतंस न? काटा पुढं राह्यते तुहा."

"पन्नास ग्रॅम राह्यते. वजा केले."

"पन्नासच?"

"पन्नासच."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मला एक कोरा कागद दिला. आशालाही जबाब लिहून द्यावा लागतो.

•

जबाब, पहिला: मी दिलेल्या तारखेनुसार दीड महिना बाकी असताना सदर महिला तेंदूपत्ता तोडण्यास गेली. (खोडला. 'गेली' खरं नाही. मी 'जा' म्हटलं होतं.)

जबाब, दुसरा: सासूने पोट उतरल्याचे सांगितले होते, परंतु कार्डावरील तारखेवर विश्वास ठेवून (खोडला. कार्ड कोणी लिहिलं?)

जबाब, तिसरा: तारीख (इथेच थांबला.)

•

चार जूनला उर्वशीची आई पहाडीवरून उतरली. सात कोस चालून आली होती. तिने कमरेची पोटली सोडून इतवारीबाईच्या सुपात कोसरी, डोंगरउतारावरचं बारीक दाण्याचं धान्य, ओतली. बाळंतिणीला भात करून घालायला. मी दारात उभी होते.

"नव्याची ठेवली होती," ती म्हणाली. "पोरगी आली होती नवं खायले, तवाची."

मी विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

"तुमचं नवं कवा झालं होतं, बाई?"

"पोळ्याच्या पाच रोज पहिले. आमच्या इथी कोसरी लवकर येते न, तिचंच नवं खातो. तुमचं धानाचं. तुमचं मंग उशिरा राह्यते."

पोळा दोन सप्टेंबर. पाच दिवस आधी म्हणजे अठ्ठावीस ऑगस्ट. दुसरा दिवस एकोणतीस. त्यात नऊ महिने आणि सात दिवस: पाच जून.

म्हणजे उद्या.

पाच डिसेंबरला उर्वशी दहा आठवड्यांची नव्हती, चौदा आठवड्यांची होती. वीस मेला तिची जागा माहेरघरातल्या खाटेवर होती. पोट तारखेच्या पुढे नव्हतं, माझी तारीख पोटाच्या मागे होती, चार आठवडे.

बाहेरची एखादी बाई आशा असती, कुरखेड्याची नाहीतर कोरपन्याची, तर तिने विचारलं असतं: नवं म्हणजे काय, कधी असतं, कोणत्या गावचं? मला विचारावं लागलं नाही. मला नवं माहीत होतं.

•

दुसऱ्या दिवशी, पाच जूनला, मी डब्यात पेज, तूरडाळ आणि थोडी भाजी भरून उर्वशीकडे गेले. दुपार होती. तिची आई आणि इतवारीबाई मागच्या परसात होत्या. उर्वशी भिंतीला टेकून बसली होती. छाती फडक्याने आवळून बांधली होती, तरी फडकं ओलं होतं.

"ताई, वाकल्यानं झालं न?"

"काय?"

"पाना तोडताना वाकली मी. म्हणून कच्चं लेकरू पडलं. सासू काई बोलत नाई, पण मले समजते. दसरू त माह्याकडे पाहातच नाई."

मी डबा खाली ठेवला.

"लेकरू कच्चं नव्हतं, उर्वशी. तुहे दिवस भरले होते. वाकल्यानं काई झालं नाई. तारीख म्या चुकवली. म्या आपल्या गावचं नवं धरलं."

ती बराच वेळ फडक्याची गाठ सारखी करत राहिली.

"मी त तुले सांगतलं होतं," ती म्हणाली. "तुह्या ओसरीवर. नव्याले मी माहेरी होती म्हणून."

"सांगतलं होतं."

"तू आयकलं होतं?"

परसात कोणीतरी बादली ठेवली. मी त्या आवाजाकडे बघितलं, जणू तिकडून कोणी हाक मारली होती.

"आयकलं होतं."

"मंग?"

या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं होतं. ते मी दिलं नाही. म्हटलं, "ध्यान नाई राह्यलं."

"मले वाटे, पोट लय घाई करून राह्यलं," ती म्हणाली. "पण कार्ड तू लिहिलं. तू बारा वर्षांची आशा. मले वाटलं मीच कुठी चुकली असन मोजण्यात."

ती रडली नाही. रडली असती तर मी तिच्या पाठीवरून हात फिरवला असता, मला काहीतरी करायला मिळालं असतं.

"सासूले सांग," ती म्हणाली. "उजव्या बाजूनं सांग."

•

इतवारीबाई परसात कोसरी पाखडत होती. मी तिच्या उजव्या बाजूला बसले. सगळं सांगितलं: दोन गावांची दोन नवी, माझं पान, वीस तारखेला तिचं बरोबर होतं आणि माझं चूक, चौकशीत साहेब काय विचारत होते आणि ती कशाला कशाला मान हलवत होती.

तिचं सूप थांबलं नाही. कोंडा उडत राहिला.

सांगून झालं तेव्हा ती उठली. सूप घेऊन माझ्या दुसऱ्या अंगाला आली आणि डावा कान माझ्याकडे होईल अशी बसली. आणि पाखडू लागली.

मी डबा तिथेच विसरून घरी आले.

•

सहा जून, दवाखाना. इंदुताई कागदांचा गठ्ठा बांधत होत्या.

"फॉर्म द्या, सिस्टर. एक रकाना बदलायचा हाय."

"गठ्ठा चालला आज तालुक्याले."

"म्हणूनच आली."

मी सांगितलं. दुसऱ्या गावचं नवं. त्यांनी गाठ सोडली, पण फॉर्म लगेच हातात दिला नाही.

"मले वजनावरूनच वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुह्या नावापुढं शेरा येईन. कदाचित कामही जाईन. बारा वर्षं झाली न तुले?"

"बारा."

"लेकरू काई वापस येणार नाई."

"इतवारीबाईचं नाव निघून जाईन."

त्यांनी फॉर्म दिला. पेनही दिलं. विलंब कोणाकडून, या रकान्यातला 'कुटुंब' मी एका रेघेने खोडला आणि वर लिहिलं: आशा. कारणाला दोन बोटांची जागा होती. तिथे लिहिलं: सणाची तारीख दुसऱ्या गावची धरली. 'मुदतपूर्व' डॉक्टरांनी लिहिलं होतं, ते इंदुताईंनी स्वतः खोडून सही केली.

मग त्यांनी माझी ओळ वाचली. "असं होऊ शकते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सणासणात फरक पडते, कोणाच्या ध्यानात येईन? पुढच्या सभेत सगळ्यांले सांगू. आता त्या पानावर सणापुढं गावही लिहायचं. अजून काई हाय का लिहायचं?"

जागा उरली होती. अर्ध्या बोटाएवढी.

"नाई," मी म्हटलं.

बाहेर पायऱ्यांवर दसरू बसला होता. उर्वशीच्या गोळ्या न्यायला आला होता. त्याने पिशवीतून माझा डबा काढून माझ्यापुढे धरला. घासलेला, तिन्ही खण कोरडे.

"उर्वशीनं पाठवला," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

•

तो डबा मला सत्तावीस डिसेंबरच्या सभेत मिळाला होता, त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या गरोदर बायांची, उर्वशीसकट, नावं बारा आठवड्यांच्या आत नोंदवल्याबद्दल.